कौल उजवा लागला, आता काय?

*नदी-ओढ्यांचं प्रदूषण आणि देवाधर्माचे पेच याबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन घेतली आहेत. लिहिणाऱ्यांच्या इच्छेवरून नावं, आणि काहींची गावंही, गाळली आहेत.*

बाई, सासूबाईंचं वय ७८. कार्तिकीला आळंदीत इंद्रायणीची डुबकी मारल्याशिवाय त्या दर्शनाला जात नाहीत. गेल्या वर्षी घाटाला नुसता पांढरा फेस लागलेला. माझा मुलगा म्हणाला, "आजी, हे वॉशिंग मशीन आहे." त्या चिडल्या, "माउलींच्या नदीला नावं ठेवू नकोस." शिवाय बाटली भरून आणतात आणि घरी तीर्थ म्हणून सगळ्यांच्या हातावर घालतात. घरात रोज वाद. — एक सून, मोशी

बाटली आजपासून बंद. डुबकीचं पुढे बोलू, पण ते पाणी कोणाच्याही तळहातावर पडता कामा नये, सासूबाईंच्याही. फेस दिसतो म्हणून आपण दचकतो. फेस निवल्यावर पाण्यात जे उरतं ते दिसत नाही, आणि बाटलीत भरलं जातं ते तेच.

साबण-डिटर्जंटमधली फेसाळणारी द्रव्यं, प्रक्रिया न झालेलं सांडपाणी आणि त्यात मिसळलेलं कारखान्यांचं पाणी बंधाऱ्यावरून खाली पडतं, हवा घुसळली जाते आणि ताकावर लोणी यावं तसा फेस वर येतो. तुम्ही मोशीच्या, म्हणून स्पष्टच सांगते, त्यात तुमच्या मोरीचाही वाटा असणार. मुलाला हेही सांगा, म्हणजे तो आजीला जरा कमी चिडवेल.

सासूबाईंना वादात हरवू नका. त्या घरी अंघोळीला बसताना "गंगे च यमुने चैव" म्हणत असतील. सगळ्या नद्यांना तांब्यात बोलवायची सोय आपल्या पूर्वजांनी करूनच ठेवली आहे. घरचं पाणी कॅनमधून न्या, घाटावर बसवा, इंद्रायणीचं नाव घेऊन तांब्याने घालू द्या. आणि नदीला नावं ठेवण्याबद्दल: फेसाबद्दल बोलणं म्हणजे नदीची निंदा, असं वारकऱ्यांनीही कधी मानलेलं नाही. २००८ साली चाकणजवळ शिंदे-वासुलीला डाऊ केमिकलचं संशोधन केंद्र येणार होतं. भोपाळची युनियन कार्बाइड विकत घेतलेली तीच कंपनी. तुकोबा ज्या भामचंद्र डोंगरावर साधनेला बसत तो तिथून जवळ. तेव्हा नदी बिघडेल या भीतीने कीर्तनकार बंडातात्या कराडकरांच्या मागे टाळकरी रस्त्यावर आले आणि शेवटी कंपनीने तिथला बेत सोडला. त्यात जाळपोळ झाली ती मला पटलेली नाही. पण नदीसाठी भांडणं हा भक्तीचाच भाग आहे, हे त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही. सासूबाईंना हेही सांगा की इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आळंदीत जे सोडलं ते विठोबाच्या दारातून जाणारच.

आदरणीय बाईंस, स. न. वि. वि. मी आमच्या ग्रामदेवतेच्या देवस्थान समितीचा खजिनदार आहे. गाव रत्नागिरीतल्या खेड तालुक्यात, एमआयडीसीच्या खालच्या अंगाला. सभामंडपाचं काम पाच वर्षं रखडलंय. मुंबईकर मंडळींची वर्गणी पायातच संपली. आता एका कंपनीचे साहेब येऊन गेले. अकरा लाख देतो म्हणाले. कमानीवर कंपनीचं नाव घालायचं आणि शिमग्यात मोठ्या साहेबांना पालखीला खांदा लावू द्यायचा. गावातली चाळीस पोरं तिथेच कंत्राटावर आहेत.

अडचण अशी की कंपनीच्या मागचा पऱ्या, म्हणजे ओढा, पहिल्या पावसात तांबडा होतो. दोन वर्षांपूर्वी खालच्या कोंडीत मासे उताणे पडले होते. भोईवाडी म्हणते, हे पैसे घेतलेत तर पालखी आमच्या दारात आणू नका. बैठकीत हमरीतुमरी झाली, तेव्हा गुरवाने देवीला पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवा लागला. देवीने होकार दिला, विषय संपला, असं अध्यक्ष म्हणतात. कोंडीत पालखी न्हाणायची असते, तिथे भटजींना बोलावून शुद्धी करून घ्यायचंही ठरलंय. हिशेबाची वही माझ्याकडे, पावती मी फाडायची. झोप लागत नाही. देवीचा कौल मोडायचा का? — एक खजिनदार

मोडू नका. पुन्हा लावा.

तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त देवीला नेमकं काय विचारलं ते नाही. माझं माहेर चिपळूणकडचं. गाऱ्हाणं ऐकतच वाढले. गाऱ्हाण्यात काही झाकत नाहीत. कोणाची म्हैस आटली, कोणाचा मुलगा मुंबईला जाऊन वाया गेला, कोणत्या बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाहीत, सगळं नावानिशी देवीच्या कानावर घालतात, मागून गाव "होय महाराजा" म्हणतं आणि मग कौलाची पाकळी लावतात. तुमच्या गुरवाने "मंडपाला पैसे आलेत, घेऊ ना आई?" एवढंच विचारलं असणार. साहेबांपुढे अर्धी फाईल ठेवून सही घेतात, त्यातला प्रकार झाला.

पुढच्या खेपेला पऱ्याचं पाणी काचेच्या बरणीत भरून देवीसमोर ठेवा. भोईवाडीतला एक जाणता माणूस पुढे उभा करा आणि चाळिसातला एक पोरगाही. पैसे कोण देतंय, बदल्यात काय मागतंय, कोंडीत काय मेलं, कोणाचं जाळं रिकामं आलं आणि कोणाच्या घरी पगार आला, सगळं म्हणा. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, कौलावर माझा किती विश्वास ते विचारू नका. पण भरल्या देवळात हे गाऱ्हाणं खणखणीत आवाजात घातलं गेलं, तर पाकळी कुठल्या बाजूला पडली याची गावाला फारशी फिकीर उरणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आता पैशाबद्दल. इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. ती अजून कुठे छापलेली नाही.

१९९४ साली आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे चार बाकं, एक स्पिरिटचा दिवा आणि काच कमी, चिकटपट्टी जास्त असलेलं कपाट. एका कारखान्याने आम्हाला बारा ब्युरेट, स्टँड, चंचुपात्रं, लिटमसची पाकिटं, ऊर्ध्वपातनाचं एक पूर्ण उपकरण दिलं. दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी लागली. उद्घाटनाला मीच आभार मानले, चांगलं भाषण झालं. त्याच श्रावणात नववीतला एक मुलगा शाईच्या बाटलीत पऱ्याचं पाणी घेऊन आला. म्हणाला, बाई, ह्यात कागद बुडवू? निळा कागद बुडवला, लाल झाला. नळाच्या पाण्यात बुडवला, निळाच राहिला. पंचेचाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "कागद दमट झालाय रे, पावसाळ्यात असं होतं."

कागद आठवड्यापूर्वी फोडलेल्या पाकिटातला होता, त्याच कारखान्याने दिलेल्या. मुलाने बाटली खिडकीतून ओतली आणि जागेवर जाऊन बसला.

मला कोणीही गप्प बस म्हणालं नव्हतं. साहेबांचा फोन नव्हता, मुख्याध्यापकांनी बोलावलं नव्हतं. त्या पितळी पाटीला रोज सकाळी ब्रासोने घासायचं काम शिपाई करायचा, बाकीचं काम पाटीने आपणहून केलं. कमानीवरचं नाव तुमच्या गावात तेच करील, आणि ती कमान माझ्या दारापेक्षा बरीच रुंद असेल.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीवर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. प्रवचनात हा भाग आला की सगळे माना डोलावतात. पण तुमच्या प्रकरणात तिथवरही जायची गरज नाही, वाण्याच्या दुकानातला व्यवहार पुरे आहे. ज्याच्याकडे गावाची उधारी थकली आहे त्याने सत्यनारायण घालून गावजेवण दिलं, तर आपण जेवतो की आधी उधारी मागतो? पऱ्या पूर्वीसारखा करून देणं ही त्यांची उधारी. नाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा) २५० च्या आत, सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान, हे सर्वसाधारण मानक कायद्यात लिहिलेलं आहे. शिवाय कंपनी मोठी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तिला नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्या यादीत पिण्याचं पाणी आहे, स्वच्छता आहे, पर्यावरण आहे. गावदेवीचा मंडप नाही. साहेबांना एवढंच विचारा की यादीत असलेलं सोडून यादीत नसलेल्यावर एवढं प्रेम का आलं.

चाळीस पोरांचं काय, हा प्रश्न खोटा नाही. माझा भाचाही तुमच्याच तालुक्यातल्या लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, त्याच्या पगारावर बहिणीचं घर उभं राहिलं. कारखाने बंद करा असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण ताजव्याच्या दोन्ही पारड्यांत काय आहे ते तरी बघा. माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात लोट्याबद्दल लिहिलंय: उद्योगांनी ११ हजार लोकांना रोजगार दिला, आणि मच्छीमारांच्या आर्थिक पाहणीप्रमाणे प्रदूषणामुळे २० हजार जणांचा गेला. त्याच अहवालात आहे की २००७ ते २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचे हुकूम होते. म्हणजे पऱ्याबद्दल चारजणांनी एकत्र उभं राहून बोलायचीही चोरी. देऊळ ही अशी जागा आहे जिथे गाव एरवीही जमतं. तिथलं बोलणं अकरा लाखांना देऊ नका.

शुद्धीबद्दल लिहिताना मात्र माझा हात थोडा थरथरतो.

तुमच्यापासून फार लांब नाही ते महाड. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. कसं? दूध, दही, शेण, गोमूत्र यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून. रसायनाच्या बाईला विचाराल तर त्या तळ्याचं प्रदूषण त्या दिवशी झालं, घागरींमुळे. आज त्याच महाडला एमआयडीसी आहे आणि सावित्रीचं पाणी बिघडल्याच्या तक्रारी मी अर्धं आयुष्य वाचते आहे. सावित्रीसाठी एक घागरसुद्धा कोणी ओतल्याचं ऐकलं नाही. कोकणी माणसाचं विटाळाचं नाक फार तिखट. सावली पडली तरी त्याला वास यायचा. मग फिनॉलचा का येत नाही?

तुमच्या कोंडीत माणसाने शिवल्याने काही झालेलं नाही, मंत्राने ते उतरणारही नाही. पाण्यात सेंद्रिय घाण वाढली की तिला कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मासे आधी तोंड वर काढून धापा टाकतात आणि मग उताणे होतात. भटजींना दक्षिणा द्यायचीच असेल तर जरूर द्या, पण पालखी न्हाणायला वरच्या देवराईतल्या झऱ्याचं पाणी घ्या आणि का घेतलं ते शिमग्याच्या होमासमोर सांगा. ह्यात परंपरा मोडत नाही. महाड तालुक्यातच वाळणकोंड आहे. वरदायिनीच्या नावाने तिथल्या डोहातला मासा पिढ्यान्‌पिढ्या कोणी मारत नाही. पाटी नाही, पहारेकरी नाही. कोंडीचं राखण म्हणजे काय हे आपल्याला माहीत होतं.

भोईवाडीचं म्हणणं अध्यक्षांना अपमान वाटत असेल. पालखी दारात न घेणं ही कोकणात साधी गोष्ट नाही. वर्षभर ती माणसं त्या एका दिवसासाठी अंगण सारवतात. त्यावर पाणी सोडायची त्यांची तयारी आहे, तर त्यांचं काय गेलं असेल याचा विचार करा. खाडीकाठच्या एका मोहल्ल्यात मी पाण्याबद्दल बोलायला गेले होते. तिथल्या मौलवींनी हौदाचं पाणी वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, चालेल की नाही हे कसं ठरवतात ते सांगितलं: घाण पडून रंग, चव किंवा वास बदलला तर नाही चालत. मला हसू आलं. आठवीच्या पुस्तकात पाण्याचे भौतिक गुणधर्म शिकवताना मी हेच तीन शब्द फळ्यावर लिहायचे. खाडीतले मुसलमान मच्छीमार दालदी, भोई, तुम्ही, सगळ्यांचं पाणी शेवटी दाभोळच्या खाडीत एकत्र येतं. कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची लोट्याहून निघालेली पाइपलाइनही तिकडेच, करंबवण्याला जाते. एक निवेदन तिघांनी मिळून द्या. देवस्थान समितीच्या लेटरहेडवर द्या, त्याला वजन असतं.

एक व्यवहाराची सूचना. बरणीतलं पाणी देवीपुढे चालेल, कोर्टापुढे नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या रीतीने घेऊन सीलबंद करावा लागतो, तरच तो पुरावा. म्हणून पहिला पाऊस लागून पऱ्या तांबडा दिसला की त्याच तासाला मंडळाला फोन करा, तारीख-वेळ लिहा, फोटो काढा. दोन दिवसांनी आलेल्या अधिकाऱ्याला स्वच्छ पाणीच मिळतं आणि मग तो तुम्हालाच खोटं पाडतो.

आणि पावती फाडू नका. समितीने ठराव केला तर तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या. मंडप पत्र्याचाही होतो.

बाई, माझे यजमान एका कारखान्यात ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेवर, ऑपरेटर आहेत. माळकरी. रात्रपाळीला जोराचा पाऊस लागला की वरून सांगतात, टाकी भरलीय, बायपास उघड, म्हणजे पाणी प्रक्रिया न करताच बाहेर सोड. पावसात कळत नाही. आषाढात एका सकाळी घरी आले आणि गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवली. म्हणाले, "ही घालून तो व्हॉल्व फिरवता येत नाही." तेव्हापासून पूजेला बसत नाहीत, एकादशी सोडली. नोकरी सोडली तर दोन मुलींचं शिक्षण थांबेल. पाप त्यांना लागेल का हो? — एक पत्नी

ताई, आधी एक. माळ काढणारा माणूस देवाला विसरलेला नाही. विसरला असता तर माळ घालूनच व्हॉल्व फिरवला असता आणि झोपही लागली असती. त्यांना पूजेला बसा म्हणून मागे लागू नका. खिळ्यावरची माळ तिथेच राहू दे, रोज पुसून ठेवा.

पापाचं म्हणाल तर जुना श्लोक आहे: करणारा, करवून घेणारा, प्रेरणा देणारा आणि मान डोलावणारा, चौघंही सुकृतात आणि दुष्कृतात समान वाटेकरी. वडील हा श्लोक सांगायचे. त्यातलं 'समान' मला कधीच पटलं नाही. वाटणी पगाराच्या प्रमाणात व्हावी. तुमच्या यजमानांच्या वाट्याला फार थोडं येईल. पण शून्य येणार नाही, आणि हे त्यांना तुमच्या-माझ्या आधी कळलंय. म्हणून "तुम्ही काय, हुकुमाचे ताबेदार" असं समाधान त्यांना देऊ नका. माझ्या लिटमसच्या गोष्टीत मला तसं म्हणणारी माणसं भेटली. त्या बोलण्याने बरं वाटलं नाही.

नोकरी सोडायला मी सांगणार नाही. एकट्याने सोडली तर त्यांच्या जागी दुसरा येईल, कदाचित माळ नसलेला. पण ताबेदारीलाही एक शिस्त असते, ती त्यांनी वरच्यांना पाळायला लावावी. बायपास उघडायचा हुकूम नेहमी तोंडी येतो. तो लेखी मागायचा. भांडून नाही, नम्रपणे, व्हॉट्सअॅपवर: "साहेब, आत्ता २.१० ला बायपास उघडायला सांगितलंत. उघडू ना?" या एका वाक्याने पुष्कळ साहेबांना टाकीत अजून थोडी जागा सापडते. उत्तर 'हो' आलं तर तो मेसेज जपून ठेवायचा. उत्तर आलं नाही तर लॉगबुकात खरी वेळ लिहायची. पाण्यात विष जाणूनबुजून सोडायला त्याच १९७४ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाने मनाई आहे. उद्या काही झालं तर वरचे म्हणतील ऑपरेटरने परस्पर उघडलं. तेव्हा तो मेसेजच त्यांच्या कामी येईल.

ईटीपीला विजेचा वेगळा मीटर असेल तर पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याचंही रीडिंग लिहायला सांगा. हवा मारणारे ब्लोअर रात्री खरंच चालले की नाही हे मीटरइतकं कोणी खरं सांगत नाही, आणि तपासणीला येणारा हुशार अधिकारी आधी तेच बघतो. पाळीवरच्या केमिस्टशी एकदा बोलू देत. तीही माणसंच असतात, आणि त्यांनाही बहुधा झोप येत नसते.

हे सगळं साध्या दोनशे पानी वहीत, पेनने, तारखेसकट. वही कंपनीतल्या लॉकरमध्ये ठेवायची नाही. घरी आणायची आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवायची, जिथे ती माळ आहे.